निकाल लागेपर्यंत चूल कशी पेटायची?

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून लिहून काढले आहे.)

 

महिला मंडळाने मला विषय दिला आहे, "घटस्फोटाची केस चालू असताना बाईचं राहतं घर आणि मुलांचा खर्च". वर्धापन दिनाला असला विषय कशाला, आज आनंदाचा दिवस आहे, असं काही मंडळींचं म्हणणं पडलं. माझं म्हणणं असं, की ह्या विहारात आपण लग्नं लावतो, नामकरण विधी करतो, पुण्यानुमोदनाला एकत्र जमतो. मग एखादं घर मोडायला लागलं तर त्याबद्दल बोलायला दुसरी जागा कुठली? मोडत्या घरातलं लेकरू कोणाच्या ताटात जेवतं, हे विचारणंसुद्धा धम्माचंच काम आहे.

मी वकील नाही. रेयॉनच्या कारखान्यात पाळ्या करणारा कामगार आहे. शाळा दहावीपर्यंत झाली, पुढचं शिक्षण युनियनच्या ऑफिसात आणि रातपाळीच्या सुट्टीत वाचून झालं. कोर्टाच्या पायऱ्या मात्र पुष्कळ चढलो आहे, कामगारांच्या केससाठीही आणि वस्तीतल्या लेकीबाळींच्या बरोबरही. त्यातून जे समजलं तेवढंच सांगतो.

आणि सुरुवातीलाच मुख्य गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे मागे बसलेल्यांना लवकर उठायचं झालं तरी हरकत नाही. घटस्फोटाचा निकाल शेवटी लागायचा तेव्हा लागू द्या. पण डोक्यावरच्या छपराचा आणि मुलांच्या घासाचा निकाल आधी मागा. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कायद्याने ते वेगळे ठेवले आहेत, एकत्र गुंडाळतो ते आपणच.

ते कसं, हे एका भगिनीच्या हकिकतीवरून सांगतो. आपल्याच पट्ट्यातली आहे, नाव सांगत नाही. लग्नाला आठ वर्षं, एक मुलगी, एक मुलगा. घरात भांडणं, मारहाण. एके दिवशी नेसत्या लुगड्यावर मुलांना घेऊन माहेरी आली. दोन महिन्यांनी नवऱ्याने घटस्फोटाची केस टाकली, कोर्टाचं समन्स आलं. भाऊ म्हणाला, "आधी केसचा निकाल लागू दे, मग पैशाचं बघू." मामा म्हणाले, "आता खावटीचा अर्ज टाकलास तर तो चिडेल, समेट व्हायचा राहील." वडीलधारी मंडळी म्हणाली, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये." सगळ्यांची मनं चांगली होती. पण तारखांवर तारखा पडत गेल्या. कधी त्याचा वकील गैरहजर, कधी साहेब रजेवर, कधी कागद अपुरे. अशी चार वर्षं गेली. ती उल्हासनगरच्या कारखान्यांतून जीन्स घरी आणून त्यांचे धागे कापायची, नगाप्रमाणे पैसे. मुलीची शाळा बदलली, मुलाची शिकवणी बंद झाली, भावजयीच्या घरात एका कोपऱ्यात तिघांचं अंथरूण. चौथ्या वर्षी कोणीतरी तिला सांगितलं, अगं, केस चालू असतानाही खावटी मागता येते. तिने अर्ज केला. कोर्टाने रक्कम मंजूर केली, आणि ती धरली अर्जाच्या तारखेपासून.

अर्जाच्या तारखेपासून! म्हणजे मागची चार वर्षं कोरडीच गेली. त्या चार वर्षांत मुलं जेवली नाहीत का? जेवली. पण तो खर्च बापाकडे कोणी मागितलाच नव्हता, म्हणून तो त्याच्या नावावर लागला नाही.

माता-भगिनींनो, आपल्याकडे घड्याळ कोर्टाच्या निकालापासून सुरू होतं असं समजतात. तसं नाही. खावटीचं घड्याळ ज्या दिवशी अर्जावर कोर्टाचा शिक्का पडतो त्या दिवशी सुरू होतं. केस किती वर्षं चालेल हे आपल्या हातात नाही. अर्ज कोणत्या महिन्यात द्यायचा, हे मात्र पूर्ण आपल्या हातात आहे.

कारखान्यात काम केलेल्यांना ही गोष्ट चटकन समजेल. एखाद्या कामगाराला कामावरून काढलं, तो लेबर कोर्टात जिंकला, आणि मालक वर हायकोर्टात गेला, तर हायकोर्टात दहा वर्षं लागली तरी कामगाराने काय खायचं? म्हणून औद्योगिक विवाद कायद्यात १७-ब हे कलम घातलं गेलं, ते १९८४ साली लागू झालं. वरच्या कोर्टात केस पडून आहे तोवर मालकाने कामगाराला शेवटचा पगार देत राहायचं, असं ते कलम होतं. का? तर ज्याच्या खिशात पैसा आहे तो थांबू शकतो, आणि ज्याचं पोट हातावर आहे तो थांबू शकत नाही. थांबू शकणाऱ्याला उशीर हेच हत्यार होतं. नवरा-बायकोच्या केसमध्येही हाच हिशेब आहे. जो घरात राहतो, ज्याचा पगार चालू आहे, त्याला तारीख पडली तर काय बिघडतं? जी बाहेर पडली तिचं बिघडतं.

हे ज्याला सर्वांच्या आधी कळलं तो महापुरुष आपला बाप आहे. १९४२ च्या जुलैमध्ये नागपूरला दलित महिलांची परिषद झाली. बाबासाहेबांनी तिथे बायकांना सांगितलं, की लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याच्या पाठीशी मैत्रीण म्हणून, बरोबरीच्या नात्याने उभं राहावं, त्याची गुलाम होऊ नये. पुढे कायदामंत्री झाल्यावर तीच गोष्ट त्यांनी हिंदू कोड बिलात कायद्याच्या भाषेत मांडली. घटस्फोट, खावटी, वारसा, दत्तक, सगळं त्यात होतं. बिल अडवून ठेवलं गेलं. सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याच्या कारणांत हे एक मोठं कारण होतं. नंतर त्याच बिलाचे तुकडे करून कायदे झाले. हिंदू विवाह कायदा १९५५ साली आला. आणि बायको-मुलांच्या खावटीचा कायदा, हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, २१ डिसेंबर १९५६ रोजी झाला. तारीख लक्षात घ्या. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण ६ डिसेंबरला. म्हणजे नंतर अवघ्या पंधरा दिवसांनी.

इथे काही जण विचारतात, "आपण बौद्ध, आपल्याला हिंदू विवाह कायदा कसा?" त्या कायद्याच्या दुसऱ्याच कलमात बौद्ध, जैन आणि शीख यांना हा कायदा लागू आहे असं लिहिलेलं आहे. तो आपल्याला आवडो न आवडो, आज आपल्या लेकींची केस त्याच कायद्याखाली चालते. म्हणून शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर, पाच पंचांच्या सह्या घेऊन लिहिलेली फारकत ही कोर्टाच्या घटस्फोटाची जागा घेऊ शकत नाही. असल्या कागदावर "मला खावटी नको, घर नको" असं लिहून घेतात आणि बाईचा अंगठा नाहीतर सही घेतात. भगिनींनो, असल्या कागदावर सही करू नका. आणि बंधूंनो, पंच म्हणून तुम्हीही करू नका.

आता दारं किती आहेत ते सांगतो. चार आहेत, पण घाबरू नका.

पहिलं दार फौजदारी कोर्टाचं. पूर्वी ह्याला कलम १२५ म्हणत. १ जुलै २०२४ पासून नवीन संहिता आली, आता तेच कलम १४४ आहे. बायको, अज्ञान मुलं, आणि म्हातारे आई-वडीलसुद्धा ह्यात खावटी मागू शकतात. ह्या कलमात पूर्वी पाचशे रुपयांची वरची मर्यादा होती. २००१ मध्ये केंद्राच्या कायद्यातून ती काढली. त्याच वेळी केस चालू असतानाच्या अंतरिम खावटीची तरतूद आली, आणि नोटीस लागल्यापासून शक्यतो साठ दिवसांत तो अर्ज निकाली काढावा असं लिहिलं गेलं. बाई जिथे राहते तिथल्या कोर्टात हा अर्ज चालतो. सासर लातूरला आणि माहेर शहाडला असेल तर लातूरला हेलपाटे घालायची गरज नाही.

दुसरं दार हिंदू विवाह कायद्याचं कलम २४. नवऱ्याने घटस्फोटाची केस टाकलीच आहे, तर त्याच केसमध्ये अर्ज द्यायचा, की केस चालेपर्यंत मला खर्च द्या आणि केस लढायचा खर्चही द्या. कलम २६ खाली मुलांचा ताबा, शिक्षण आणि पालनपोषण ह्याचा हुकूम मागता येतो. इथेही साठ दिवस म्हटले आहेत. गंमत अशी, की ह्या कायद्यात मूळ घटस्फोटाची केससुद्धा सहा महिन्यांत संपवायचा प्रयत्न करावा असं लिहिलेलं आहे! सहा महिने कुठे आणि सहा वर्षं कुठे. म्हणून तर म्हणतो, मोठ्या निकालाच्या भरवशावर बसू नका.

तिसरं दार १९५६ च्या निर्वाह कायद्याचं, ज्याची तारीख आत्ता सांगितली. त्यात बायकोचा हक्क आहे, मुलांचा आहे, आणि लग्न न झालेल्या मुलीचा अठरा वर्षांनंतरही आहे, तिला स्वतःला सांभाळता येत नसेल तर.

चौथं दार घराचं. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. हिंसाचार म्हणजे नुसती मारहाण नाही. शिवीगाळ आली, आणि घरखर्चाला पैसे न देणं, तिचा पगार, दागिने काढून घेणं हेही आलं. ह्या कायद्याने बाईला नांदत्या घरात राहायचा हक्क दिला आहे, घर तिच्या नावावर असो वा नसो. कायदेशीर मार्गाशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. कोर्ट नवऱ्याला सांगू शकतं, तिला घरात घे, घर विकू नकोस, नाहीतर तिच्यासाठी तशाच दर्जाची दुसरी खोली बघ आणि भाडं भर. अर्ज दिल्यापासून साधारण तीन दिवसांत पहिली तारीख लागावी आणि साठ दिवसांत निकाल लागावा असं कायदा म्हणतो. तातडी असेल तर समोरचा हजर व्हायच्या आधीही अंतरिम हुकूम मिळू शकतो. आणि कोर्टाचा संरक्षणाचा हुकूम मोडला तर एक वर्षापर्यंत कैद आहे.

पण घराच्या बाबतीत एक मोठी अडचण होती. आपल्याकडे खोली बहुतेक सासऱ्याच्या नावावर असते. २००६ सालीच सुप्रीम कोर्टाने एका निकालात म्हटलं होतं, की सासूच्या मालकीच्या घरावर सुनेचा राहण्याचा हक्क चालणार नाही. मग काय, जो तो म्हणू लागला, खोली आईची आहे, खोली वडिलांची आहे, बाई निघ! चौदा वर्षं हे चाललं. १५ ऑक्टोबर २०२० ला सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी सतीशचंद्र आहुजा यांच्या केसमध्ये तो जुना निकाल चुकीचा ठरवला. घर नवऱ्याच्या नातेवाइकाच्या मालकीचं असलं, तरी सून तिथे संसार करून राहिली असेल तर ते तिचं नांदतं घर धरलं जाईल, असं सांगितलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आणखी एक निकाल आला. ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याचा वापर सुनेला बाहेर काढण्याची पळवाट म्हणून करता येणार नाही, असं त्यात म्हटलं. भाड्याच्या खोलीचंही ऐका. नवरा खोली सोडून निघून गेला आणि घरमालकाने खाली करायची केस टाकली, तर तिथे राहणारी बायको नवऱ्याच्या जागी उभी राहून लढू शकते, हे २००५ मध्येच ठरलेलं आहे. पण लग्न टिकून आहे तोवरच. घटस्फोट झाला की ते बळ राहत नाही. म्हणूनही घराचा अर्ज आधी.

एक गोष्ट सरळ सांगतो, नाहीतर भलताच समज होईल. राहायचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. आणि म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांनाही शांतपणे जगायचा हक्क आहे, तोही कोर्टाने त्याच निकालात मानला आहे. कोर्ट दोन्ही बाजू बघतं. एकाच खोलीत राहणं अशक्य असेल तर वेगळी खोली आणि भाडं, हा मार्ग आहे. पण "चालती हो" हा मार्ग नाही.

आता नागपूरची एक केस सांगतो. कायद्याच्या पुस्तकात ती "रजनेश विरुद्ध नेहा" म्हणून प्रसिद्ध आहे. बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत, जानेवारी २०१३ मध्ये, बाईने सासर सोडलं. सप्टेंबर २०१३ मध्ये तिने खावटीचा अर्ज दिला. ऑगस्ट २०१५ मध्ये नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाने अंतरिम हुकूम केला. बाईला महिना १५,००० रुपये आणि मुलाला आधी ५,००० व सप्टेंबर २०१५ पासून १०,००० रुपये. नवरा हायकोर्टात गेला. तिथे २०१८ मध्ये त्याचा अर्ज फेटाळला. मग तो सुप्रीम कोर्टात गेला. निकाल लागला ४ नोव्हेंबर २०२० ला. म्हणजे नुसत्या अंतरिम खावटीसाठी सात वर्षं! तान्हं बाळ शाळेत जायला लागलं. पण तिने अर्ज पहिल्याच वर्षी दिला होता, म्हणून कौटुंबिक न्यायालयाचा हुकूम सप्टेंबर २०१३ पासून लागू होता, आणि सुप्रीम कोर्टाने थकबाकी भरायला लावली. मघाशी सांगितलेल्या भगिनीत आणि हिच्यात हा एवढाच फरक आहे.

त्या दोन न्यायाधीशांनी, न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि न्यायमूर्ती सुभाष रेड्डी यांनी, हा त्रास बघून सगळ्या देशासाठी नियम घालून दिले. एक, खावटी अर्जाच्या तारखेपासूनच द्यायची. दोन, नवरा-बायको दोघांनीही आपली कमाई, खर्च, मालमत्ता, कर्ज सगळं प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायचं, लपवलं तर त्याचा अर्थ कोर्ट त्याच्या विरुद्ध काढू शकतं. तीन, एका ठिकाणी खावटी मिळत असेल तर दुसऱ्या ठिकाणी ती सांगायची, तिची वजावट होईल. चार, मुलांच्या शिक्षणाचा खर्च साधारणपणे बापाने करायचा, आई पुरेसं कमावत असेल तर कमाईच्या प्रमाणात वाटून घ्यायचा. पाच, प्रतिज्ञापत्रं आल्यावर अंतरिम अर्ज चार ते सहा महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न करायचा.

आता पुरुष मंडळींकडे वळतो. तुम्ही मनात काय म्हणता ते मला माहीत आहे, कारण कँटीनमध्ये तेच ऐकतो.

पहिलं, "ती कमावते, मग मी कशाला देऊ?" ती कमावत असेल तर कोर्ट ती कमाई धरतं. पण चार घरची धुणीभांडी किंवा जीन्सचे धागे म्हणजे संसार चालवण्याची कमाई नव्हे. आणि तिचं जाऊ द्या, मुलाचा बाप कोण?

दुसरं, "ती मुलाला भेटू देत नाही, मग मी पैसे देत नाही." मुलाला भेटायचं असेल तर भेटीचा अर्ज करा, तो तुमचा हक्क आहे, आणि आईनेही विनाकारण आडवं येऊ नये. पण भेट मिळाली नाही म्हणून पोराचं दूध बंद करणं, हा कुठला न्याय? मूल म्हणजे ओलीस ठेवायची वस्तू नाही, बापाच्याही हातात नाही आणि आईच्याही हातात नाही.

तिसरं, "कंपनी बंद पडली, कुठून देऊ?" ही अडचण खोटी नाही. पलीकडे मोहन्यात एनआरसी २००९ च्या नोव्हेंबरमध्ये बंद झाली, त्यानंतर किती घरांची वाताहत झाली ते ह्या सभेत मी सांगायला नको. पण तोंड लपवून पळू नका. परिस्थिती बदलली तर रक्कम कमी करून मागता येते, त्यासाठी नव्या संहितेत कलम १४६ आहे. कागदपत्रं घेऊन कोर्टासमोर उभे राहा. न सांगता बंद केलंत तर थकबाकी चढत जाते, वॉरंट निघतं, थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. आणि सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच सांगून ठेवलं आहे, की कैद भोगली म्हणून पैसे फिटत नाहीत. तुरुंगातून आल्यावरही देणं उभंच असतं.

चौथं, "दिलं तर माझी चूक कबूल केल्यासारखं होईल." बिलकुल नाही. चूक कोणाची ते घटस्फोटाच्या केसमध्ये ठरेल. पोराचा खर्च हा चुकीचा दंड नाही, ते बापाचं कर्तव्य आहे. सरळ बँकेतून पाठवा, पावती जपून ठेवा, ती तुमच्याच कामाला येईल. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी पतीची जी पाच कर्तव्यं सांगितली, त्यात पत्नीचा मान राखणं आहे आणि घराचा कारभार तिच्या हाती देणंही आहे. ज्याला पंचशील म्हणायचं आहे त्याला हे विसरून कसं चालेल?

भगिनींनाही दोन शब्द. अर्जात खरं तेवढंच लिहा. चिडून नवऱ्याचा पगार दुप्पट लिहिला, किंवा आपली कमाई लपवली, तर प्रतिज्ञापत्र तुमच्यावरही उलटतं. खरी बाजू खोट्याने कमजोर होते. आणि शक्य असेल, जिवाला धोका नसेल, तर घर सोडू नका. सोडावंच लागलं तर कागद घेऊन निघा. लग्नाची पत्रिका, फोटो, नोंदणीचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, शाळेच्या फीच्या पावत्या, रेशन कार्ड, लाईट बिल, घरपट्टीची नाहीतर भाड्याची पावती, नवऱ्याच्या पगारस्लिपची एखादी झेरॉक्स. पगारस्लिप नसली तर कंपनीचं नाव आणि खातं तरी लिहून ठेवा, कोर्टाला कंपनीकडून माहिती मागवायची विनंती करता येते. हुकूम झाल्यावर पैसे थकले तर वसुलीचा अर्ज वर्षाच्या आत द्या, त्याहून जुन्या थकबाकीला वॉरंट निघत नाही. गप्प बसलेला प्रत्येक महिना महागात पडतो.

वकिलाच्या फीचं काय? विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, अंमलात आला १९९५ मध्ये. त्यात स्त्रियांना आणि मुलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. कोर्टात विधी सेवा समितीची चौकशी करा, जिल्ह्याचं प्राधिकरण ठाण्याला आहे. फोन करायचा तर १५१०० हा नंबर आहे. महिलांच्या मदतीसाठी १८१ आहे. आपलं शहाड अर्धं कल्याणच्या आणि अर्धं उल्हासनगरच्या महापालिकेत, म्हणून अर्ज कल्याणला की उल्हासनगरला हेही तिथेच विचारून घ्या. ह्या एका घोळात लोकांचे महिने जातात.

आणि "टाकलेली" हा शब्द आता आपल्या तोंडून जाऊ द्या. माणूस काय फाटकी चप्पल आहे टाकून द्यायला? १९८० नंतरच्या दशकात संगमनेरला निशा शिवूरकर आणि त्यांच्या समता आंदोलनाच्या मंडळींनी परित्यक्ता बायकांना संघटित केलं, मोर्चे काढले, खावटी आणि घराचे हक्क मागितले. गावोगावच्या बायका पहिल्यांदा उभ्या राहून म्हणाल्या, आम्हाला दया नको, हक्क द्या. आपण तर "शिका, संघटित व्हा, संघर्ष करा" म्हणणारे. आपण मागे का?

म्हणून विहार समितीपुढे माझ्या चार सूचना आहेत. पहिली, इथे लागणाऱ्या प्रत्येक लग्नाची नोंद विहाराच्या वहीत व्हावी, आणि महिन्याभरात महापालिकेत १९९८ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी करून घ्यावी. लग्न झालंच नाही असं म्हणणारे नवरे कोर्टात भेटतात. दुसरी, नवीन घर घेताना ते दोघांच्या नावावर घ्यावं, असं नवरा-नवरीला लग्नातच सांगावं. मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमात घर पती-पत्नी दोघांच्या मालकीचं धरलं आहे, मग आपण स्वतः घेतलेलं घर एकाच्या नावावर का? तिसरी, समेटाच्या बैठका जरूर घ्याव्यात, पण तिचा अर्ज अडवून नव्हे. समेट करायचा तो अर्ज दिल्यावर करा. झाला तर अर्ज मागे घेता येतो, गेलेले महिने मागे येत नाहीत. चौथी, तारखेला बाई एकटी जाऊ नये. मंडळातल्या दोघी तिच्याबरोबर जाव्यात, आणि रजा काढून एखाद्या भावानेही जावं. युनियनच्या केसला आम्ही पाच-पाच जण जायचो, त्याने कोर्टात काही बदलत नसेल, पण उभा राहणाऱ्याचे पाय लटपटत नाहीत.

बंधूंनो, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" ही म्हण ज्याच्याकडे घर, जमीन, पैसा सगळं आहे त्याने केली असणार. ज्याच्याकडे काही नाही त्याला पायरी चढल्याशिवाय कोण देतं? चवदार तळ्याचं पाणी आपल्याला कोर्टातही लढावं लागलं, १९३७ साली हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. बाबासाहेबांनी आपल्याला पायरी चढायलाच शिकवलं.

नवरा-बायकोचं पटलं नाही तर वेगळं होणं हा दोघांचा प्रश्न आहे, त्यात समाजाने बोटं मोडू नयेत. पण त्या भांडणाचं बिल लेकराच्या पाटीवर लिहिलं जाऊ नये, एवढं बघणं हे आपल्या सगळ्यांचं काम आहे. ज्या घरात आज ही वेळ आली असेल, त्या भगिनीला आजच सांगा, पुढच्या महिन्याची वाट बघू नकोस, कागद गोळा कर, आम्ही बरोबर येतो.



जय भीम! नमो बुद्धाय!